खिडकीशी वाकलेली माणसं

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या मध्यवर्ती भागात एक बहुमजली वाहनतळ आहे. ७ जून १९९४च्या संध्याकाळी त्याच्या गच्चीवर शंभर मोटारी उभ्या होत्या. काचा खाली केलेल्या. कुणी आत सीटवर, कुणी बॉनेटवर, कुणी थेट टपावर, अशी मिळून २२० शाळकरी मुलंमुली बसली होती आणि आपापसांत गप्पा मारत होती. घरच्यांबद्दल, प्रेमाबद्दल आणि शरीरसंबंधांबद्दल, अंमली पदार्थांबद्दल, शाळेबद्दल, पुढे काय होणार याबद्दल. संहिता नव्हती, तालीम केलेले संवाद नव्हते. हजाराहून जास्त माणसं हे ऐकायला गच्चीवर आली होती. ती या गाडीवरून त्या गाडीकडे जात, खिडकीशी वाकत, ऐकत आणि पुढे सरकत. त्यांना एकच अट होती. ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. प्रश्न नाही, सल्ला नाही, ‘आमच्या वेळी’ नाही.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘द रूफ इज ऑन फायर’, म्हणजे छप्पर पेटलंय. हिपहॉपच्या जलशांत तेव्हा पोरं एका सुरात द्यायची ती ही आरोळी. नावात आग असली तरी गच्चीवर आवाज होता तो फक्त माणसांच्या बोलण्याचा. कल्पना होती सुझान लेसी या कलावतीची, छायाचित्रकार ख्रिस जॉन्सन आणि अॅनिस जेकबी या दोघांसोबत केलेली. त्यांनी या सगळ्याला कला म्हटलं. गच्चीवर चित्र, शिल्प, नाटक, नाच यांतलं काहीच नसताना याला कला का म्हणायचं, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. माझं उत्तर असं, की त्या संध्याकाळी जे घडवलं होतं ते बोलणं नव्हतंच. बोलणं मुलांचं होतं, ती रोज बोलतच होती. घडवलं होतं ते ऐकणं.

आपल्याकडे मुलांना ‘बोलतं करायचं’ म्हणजे वक्तृत्व स्पर्धा. विषय मोठ्यांनी ठरवलेला, भाषण बहुधा बाईंनी नाहीतर वडिलांनी लिहून दिलेलं, हातवारेसुद्धा बसवून घेतलेले. वेळ संपली की घंटा. मी अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आहे. निकाल लागल्यावर जिना उतरताना तीच मुलं एकमेकांशी जे बोलतात ते कानावर पडतं, आणि दरवेळी जाणवतं की आज ऐकण्यासारखं होतं ते हे. पण आपण जिन्यात थांबलो की बोलणं थांबतं. मोठं माणूस दिसलं की मुलांच्या वाक्यांना इस्त्री होते. ओकलंडच्या गच्चीवर हा जिन्यातला आवाज, इस्त्री न होता, हजार माणसांपर्यंत कसा पोहोचवला, ते समजून घेण्यासारखं आहे. ते योगायोगाने झालेलं नव्हतं.

लेसींचा जन्म १९४५चा. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये ज्युडी शिकागो आणि अॅलन कॅप्रो हे त्यांचे गुरू. कॅप्रो म्हणजे ‘हॅपनिंग’ या प्रकाराचे जनक, कलाकृती ही भिंतीवर टांगायची वस्तू नसून घडवून आणायची घटना आहे असं मानणारे. याच कॅप्रोंनी १९६९च्या सुमाराला ओकलंडच्या शेजारच्या बर्कलीत शिक्षक हर्बर्ट कोल यांच्यासोबत एक प्रयोग केला होता. शाळेने ‘यांना वाचता येत नाही’ म्हणून सोडून दिलेल्या सहावीच्या मुलांना त्यांनी कॅमेरे दिले आणि गावातल्या भिंतींवर, संडासांत कोरलेल्या मजकुराचे फोटो काढायला सांगितलं. वाचता न येणारी ही मुलं तो मजकूर खुशाल वाचत होती. धड्यांमध्ये त्यांना वाचण्यासारखं काही नव्हतं, इतकंच.

लेसींचं स्वतःचं काम सुरू झालं ते स्त्रियांवरच्या हिंसाचारापासून. पुढे त्या म्हाताऱ्या बायकांकडे वळल्या. १९८४ साली ला होया इथल्या समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांतल्या १५४ वृद्धा पांढऱ्या टेबलांभोवती बसून म्हातारपणाविषयी बोलल्या. मग १९८७च्या मातृदिनी मिनियापोलिसमधल्या एका भल्यामोठ्या इमारतीच्या दालनात साठी ओलांडलेल्या ४३० स्त्रिया चौघीचौघींनी टेबलांशी बसल्या. वरच्या सज्जातून पाहिलं की टेबलांची गोधडी दिसे, म्हणून नाव ‘क्रिस्टल क्विल्ट’, स्फटिकाची गोधडी. प्रेक्षक वर, बोलणाऱ्या खाली, आणि त्यांची मनोगतं ध्वनिफितीवरून. दिसायला हे फार देखणं होतं, पण सज्जा आणि टेबल यांत अंतर होतं. सात वर्षांनी ओकलंडमध्ये लेसींनी ते अंतर काढून टाकलं. तिथे लांबून ऐकूच यायचं नाही. ऐकायचं तर जवळ जावं लागे, आणि मोटारीची खिडकी माणसाच्या कमरेच्या उंचीवर असते, म्हणून वाकावं लागे.

मोटारी का, याचं उत्तर कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. तिथे सोळाव्या वर्षी वाहन चालवण्याचा परवाना मिळतो. दार लावून घेता येईल अशी स्वतःची खोली सगळ्यांच्या नशिबी नसते. जुनीपुराणी, भावाची नाहीतर मित्राची गाडी ही त्या वयाची बैठकीची खोली. शिवाय गाडीत माणसं समोरासमोर बसत नाहीत, शेजारीशेजारी बसतात. नजर काचेबाहेर ठेवून अवघड गोष्ट बोलता येते. आपल्याकडेही बापलेकांचं जे काही मोकळं बोलणं होतं ते पुष्कळदा स्कूटरवर होतं, दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही तेव्हा. त्यात शंभर गाड्यांत २२० मुलं, म्हणजे एका गाडीत दोघं किंवा तिघं. सभा नाही, व्यासपीठ नाही. शेजारी आपल्याच वयाचं कुणीतरी आहे आणि आपण त्याच्याशी बोलतो आहोत. खिडकीबाहेरचा माणूस आहे खरा, पण तो गप्प आहे. काही मिनिटांनी मुलं त्याला विसरू शकत.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शंभर संभाषणं एकाच वेळी चालू असल्याने कुणालाही सगळं ऐकता येणं शक्य नव्हतं. जो जे ऐकून गेला ते त्याचं त्याला मिळालं. ‘आजची तरुण पिढी असं म्हणते’ असं एका वाक्यात सांगायची सोयच नव्हती. एका गाडीत ऐकलेल्याला पुढच्या गाडीत छेद मिळत असणार. किशोरवयीन मुलं हा एक गठ्ठा नाही, हे सांगायला भाषण नको होतं. गाड्यांची मांडणीच ते सांगत होती.

या संध्याकाळच्या आधी तीन वर्षांचं काम होतं. लेसी तेव्हा ओकलंडच्या कला महाविद्यालयात अधिष्ठाता होत्या. ‘ओकलंड टेक’ ही मोठी सरकारी शाळा त्याच परिसरात. रस्त्याने येणाजाणाऱ्या मुलांकडे आजूबाजूचे लोक कसे बघतात हे त्या पाहत होत्या. १९९१मध्ये त्यांनी आणि जॉन्सन यांनी त्या शाळेत वर्ग घ्यायला सुरुवात केली. विषय होता वृत्तपत्रं आणि दूरचित्रवाणी वाचायची कशी. बातमीत आपल्या वयाचा, आपल्या रंगाचा मुलगा येतो तेव्हा कशासाठी येतो? बेड्या घातलेला येतो की बक्षीस घेताना? ओकलंडच्या सरकारी शाळांतली बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाची होती. उत्तर त्यांना ठाऊक होतंच, ते मांडायची भाषा त्यांना वर्गात मिळाली. या वर्गांतून आणि शिक्षकांसोबतच्या बैठकांतून गच्चीवरचे विषय निघाले. मुलांनी काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, कशाबद्दल बोलायचं ते ठरलं होतं, आणि ते ठरवण्यात मुलं होती.

हा काळ लक्षात घ्यायला हवा. लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेली मारहाण मार्च १९९१ची, त्या पोलिसांच्या सुटकेनंतरची दंगल एप्रिल १९९२ची. १९९४ साली कॅलिफोर्नियाने तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत नेणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी जॉन डिलुलियो या राज्यशास्त्रज्ञाने ‘सुपरप्रिडेटर’ हा शब्द रूढ केला. दयामाया नसलेल्या किशोरवयीन गुन्हेगारांची लाट येते आहे, असं त्याचं भाकीत होतं. लाट आली नाही. अल्पवयीनांच्या हिंसक गुन्ह्यांचा आलेख १९९४च्या सुमाराला शिखरावर होता आणि तिथून तो वर्षानुवर्षं खाली येत गेला. डिलुलियोंनी पुढे आपलं चुकल्याचं मान्यही केलं. मधल्या काळात त्या शब्दाच्या भीतीने कायदे होऊन गेले होते, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं त्या कायद्यांखाली आत गेली होती.

म्हणून गच्चीवरची संध्याकाळ टीव्हीवर येणं फार मोलाचं होतं. क्रॉन या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाहिनीने तिच्यावर तासाभराचा माहितीपट केला. तीन वर्षं आपली प्रतिमा कशी बनते याचा अभ्यास केलेली मुलं आता त्याच पडद्यावर होती, काहीही भयंकर न करता, नुसती बोलत.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा आणि तो मी स्वतःच घेतो. गरीब वस्तीतल्या मुलांच्या आयुष्यात डोकावायला भल्या घरचे लोक संध्याकाळी आले, दोन अश्रू ढाळले आणि जेवायला गेले, असं तर झालं नाही ना? खिडकीशी वाकलेला माणूस ऐकतो आहे की चोरून पाहतो आहे? मुलं आपल्या मर्जीने बसली होती, कोणत्या गाडीत काय बोलायचं हे त्यांच्या हातात होतं, मोठ्यांना बोलायला मज्जाव होता. या सगळ्याने तोल बराच सावरतो. तरी एका संध्याकाळचं ऐकणं हे ऐकणाऱ्याला समाधान देऊन संपून जाऊ शकतं. लेसींच्या कामाबद्दल मला आदर वाटतो तो त्या तिथे थांबल्या नाहीत म्हणून. त्या ओकलंडमध्ये २००१पर्यंत, म्हणजे सलग दहा वर्षं, शहरातल्या मुलांसोबत काम करत राहिल्या.

मुलांच्या बोलण्यात एक विषय वारंवार येत होता, तो म्हणजे पोलीस. रस्त्यात अडवणं, झडती, उगाच मागे येणारी गाडी. तेव्हा पुढचा श्रोता कोण असायला हवा ते मुलांनीच सांगितल्यासारखं झालं. ओकलंड हे १९६६ साली कृष्णवर्णीयांचा ब्लॅक पँथर पक्ष जिथे जन्मला ते गाव. पोलिसांच्या गाड्यांच्या मागे जाऊन त्यांच्यावर पाळत ठेवणं हे त्या पक्षाचं पहिलं काम. म्हणजे हे भांडण या मुलांच्या आजोबांच्या पिढीपासूनचं. १९९५मध्ये मुलं आणि पोलीस यांच्या छोट्या गटाच्या काही आठवडे बैठका झाल्या आणि त्यांचं चित्रीकरण पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्यात आलं. हजार प्रेक्षकांचा डौल यात नव्हता, पण कामाची जागा कदाचित हीच होती. नव्याने भरती झालेला शिपाई हद्दीत जाण्याआधी एका सोळा वर्षांच्या मुलाचं म्हणणं पुरं ऐकून घेतो, हे काही थोडं नाही.

१९९६मध्ये दोघांना बास्केटबॉलच्या मैदानात उतरवलं. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला पोलीस. खेळाचं नाव ‘नो ब्लड, नो फाउल’. गल्लीतल्या बास्केटबॉलचा हा अलिखित नियम. रक्त निघालं नाही तर फाउल नाही. सामना पुढे सरकला तसे नियमही बदलत गेले. कधी पंचांचा निर्णय, कधी पंच नसलेला गल्लीतला खेळ. नियम कुणी केले आणि ते कुणाला सोयीचे आहेत, हा शहरातला प्रश्न मैदानात घामाघूम होऊन दिसत होता. शहराने तरुणांसाठी स्वतंत्र धोरण करावं याकडे लक्ष वेधणं हाही या सामन्याचा हेतू होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओकलंडच्या मतदारांनी ‘किड्स फर्स्ट’ हा ठराव मंजूर केला आणि शहराच्या खुल्या सर्वसाधारण निधीतला अडीच टक्के वाटा मुलांच्या आणि तरुणांच्या कामासाठी राखून ठेवला. त्याचं श्रेय सह्या गोळा करत फिरलेल्या तरुणांच्या संघटनांचं आहे, ते कलाकृतीच्या खाती टाकणं अन्यायाचं होईल. पण मतदानाचा हक्क नसलेल्या मुलांचं म्हणणं ऐकायची सवय या शहराला याच वर्षांत लागत होती.

मग आला ‘कोड ३३’. ७ ऑक्टोबर १९९९, पुन्हा तीच गच्ची. पोलिसांच्या वायरलेसवर ‘कोड ३३’ म्हणजे आणीबाणी आहे, वाहिनी मोकळी करा. अडचणीत सापडलेल्या सहकाऱ्याचा आवाज ऐकू यावा म्हणून बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, असा तो हुकूम. पाच वर्षांपूर्वी प्रेक्षकांना घातलेली अट पोलिसांच्याच संकेतांत लिहिलेली निघाली. हे नाव ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

या वेळी गच्चीवर लाल, पांढऱ्या आणि काळ्या गाड्या होत्या आणि त्यांच्या हेडलाइटांच्या झोतात गटागटाने बसलेले १०० पोलीस आणि १५० मुलं. गुन्हा, सत्ता, धाक, सुरक्षितता यांवर समोरासमोर बोलणं. भोवती प्रेक्षक, पुन्हा ऐकणारे. डोक्यावर हेलिकॉप्टर. यामागेही मोठी तयारी होती. मुलांच्या आणि पोलिसांच्या कार्यशाळा झाल्या होत्या, मुलांनी स्वतः केलेल्या चित्रफिती गच्चीवर लावलेल्या होत्या. तरी सगळं ठरल्याप्रमाणे झालं नाही. फाशीची शिक्षा झालेले पत्रकार आणि माजी ब्लॅक पँथर मुमिया अबू-जमाल यांच्या बाजूने घोषणा देत निदर्शक तिथे आले. पोलिसांशी चर्चा कसली करता, असा त्या घोषणांचा अर्थ. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ज्याच्या हातात बंदूक आहे आणि ज्याची झडती घेतली जाते, ते दोघं एका उंचीच्या खुर्च्यांवर बसले म्हणून समान होत नाहीत.

पुढच्या घटनांनी निदर्शकांचं म्हणणं खरं करून दाखवलं. मार्च २०००मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २१’ मंजूर केलं. काही गंभीर गुन्ह्यांत चौदा वर्षांच्या मुलावरही प्रौढांच्या न्यायालयात खटला भरण्याचा अधिकार त्याने सरकारी वकिलांना दिला. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या भोवतालच्या शहरांतली शाळकरी मुलं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. ठराव तरी मोठ्या बहुमताने झाला. आणि त्याच उन्हाळ्यात ओकलंडमध्ये ‘रायडर्स’ प्रकरण उघडकीला आलं. शहराच्या पश्चिम भागात चार पोलीस लोकांना मारहाण करतात, खोटे पुरावे पेरतात, हे एका नव्या शिपायानेच वरिष्ठांना सांगितलं. ११९ जणांनी दावा लावला. २००३च्या जानेवारीत तडजोड झाली, सुमारे १ कोटी ९ लाख डॉलरची भरपाई ठरली, आणि पोलीस खातं न्यायालयाच्या देखरेखीखाली गेलं. फौजदारी खटल्यांत मात्र कुणी दोषी ठरलं नाही.

मग गच्चीवरच्या त्या दोन संध्याकाळी वाया गेल्या का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण भाबडी आशा नाही. मुलाने पोलिसाला आपली बाजू सांगितली की खातं सुधारतं, असा कुणाचाच दावा नव्हता. खातं सुधारतं ते कायद्याने, न्यायालयाने, मतपेटीने, कधी एखाद्या धीट नव्या शिपायाने. पण त्या सगळ्या ठिकाणी निर्णय घेणारी मोठी माणसं मुलांविषयी मनात एक चित्र बाळगून बसलेली असतात. १९९५च्या त्या एका शब्दाने किती अनर्थ केला ते आपण पाहिलं. चित्र जर इतकं करू शकत असेल, तर ते बदलण्याचं कामही तेवढंच खरं आहे.

कलासमीक्षकांमध्ये यावर वाद आहे. ग्रँट केस्टर यांनी २००४च्या आपल्या पुस्तकात ‘द रूफ इज ऑन फायर’ला मोठं स्थान दिलं आणि संवाद हेच अशा कलेचं माध्यम आहे, जसा चित्रकाराचा रंग, अशी मांडणी केली. दोन वर्षांनी क्लेअर बिशप यांनी याउलट बजावलं, की सामाजिक सद्हेतू मोजून कलेला गुण देऊ नका, कला म्हणून ती किती कसदार आहे ते सांगा. बिशप यांचा प्रश्न मला पटतो, आणि ओकलंडची गच्ची त्याला पुरी पडते असंही वाटतं. संध्याकाळची वेळ, गाड्यांची मांडणी, खिडकीची उंची, गप्प बसायची अट, एका वेळी एकच संभाषण हाती लागणं, यांतलं काहीही काढलं तर ती नुसती एक चर्चासभा उरते. रचना इतकी चोख असल्याशिवाय मुलांचा जिन्यातला आवाज गच्चीवर टिकला नसता.

२०१९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लेसींच्या कामाचं मोठं प्रदर्शन दोन संस्थांनी मिळून भरवलं. ओकलंडची दहा वर्षं त्यात मांडली होती. १९९४ला गाडीत बसलेली मुलं तोवर चाळिशीच्या घरात पोहोचली होती. म्हणजे ज्या वयाचे लोक तेव्हा त्यांच्या खिडकीशी वाकले होते, त्या वयाची.

त्यांतली एक, यूनीक हॉलंड, या कामात शाळकरी मुलगी म्हणून आली होती. ती नंतर गेली नाही, लेसींसोबत काम करत राहिली. पाच वर्षांनी ‘कोड ३३’ उभं राहिलं तेव्हा त्याच्या कर्त्यांमध्ये लेसी आणि हुलिओ मोरालेस यांच्या बरोबरीने तिचं नाव होतं. शंभर पोलिसांनी कुठे बसायचं, दिवे कुठून यायचे, कुणी केव्हा बोलायचं आणि कुणी गप्प राहून ऐकायचं, हे ठरवणाऱ्यांत आता ती होती.